नानांची इर्जिक

आमच्या फिल्म कंपनीत खुर्च्यांना तोटा नव्हता. शेठजींची गादीची खुर्ची होती, डायरेक्टरसाहेबांची कापडी घडीची होती, आणि राजाचं सिंहासन तर असं भक्कम होतं की दुपारच्या सुट्टीत लाईटवाले त्यावर आळीपाळीने डुलकी काढत. प्रॉडक्शन मॅनेजर नाना मात्र कशावरच बसत नसत. ते डबा एका हातावर धरून उभ्याने जेवत, चहा चालता चालता पीत आणि कुणाशी महत्त्वाचं बोलायचं असलं की त्याला घेऊन स्टुडिओला चकरा मारत. पायाला भिंगरी बांधलेला हा माणूस, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना भिंगरीनाना म्हणायचे. एकदा चिडून मी त्यांच्यापुढे स्टूल आपटलं आणि म्हटलं, "नाना, बसा हो जरा, बघूनच दम लागतो." तर म्हणाले, "नको कपडेबाई. बसल्यावर माणसाला कारणं सुचतात. उभा माणूस एकतर काम करतो, नाहीतर निघून तरी जातो." आणि खरोखरच निघून गेले.

कपडेबाई म्हणजे मी. कंपनीचा कपडेपट माझ्याकडे होता. लोकांना वाटतं, म्हणजे नट्यांच्या साड्यांना इस्त्री. प्रत्यक्षात राजाच्या अंगरख्यावर काल रक्त डाव्या बाजूला होतं की उजव्या, शिपायाच्या पायात जोडा होता की नव्हता, हे डोक्यात ठेवायचं आणि चुकलं तर डायरेक्टरसाहेबांची बोलणी खायची, असं ते काम. माझी जीभ तिखट आणि नानांची घाई जगावेगळी, त्यामुळे आमचं रोज एक तरी भांडण ठरलेलं. पण त्या कंपनीत मला माणूस म्हणून विचारणारे नाना तेवढे एकच होते, हेही सांगून टाकते.

ज्या चित्रपटाची ही गोष्ट, तो क्रांतीवर होता. एक छोटं संस्थान, जुलमी राजा, उठलेली प्रजा आणि शेवटी राजवाड्यावर चालून गेलेला जमाव. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती, संस्थानं विलीन झाल्याचं लोकांच्या लक्षात ताजं होतं, त्यामुळे विषय चालेल असा शेठजींचा होरा होता. मूळ गोष्टीत जमाव राजाला ठार मारत असे. शूटिंगला महिना राहिला असताना शेठजींना आठवलं की पुढचं पौराणिक चित्र एका खऱ्या राजेसाहेबांच्या वाड्यात काढायचं आहे, आणि त्यांना हे आवडायचं नाही. झालं, राजाला पश्चात्ताप झाला. शेवटी त्याने प्रजेपुढे हात जोडावेत असं ठरलं. लेखक दोन दिवस रुसून बसला. नाना म्हणाले, "बरं झालं, मारामारीचा एक दिवस वाचला," आणि माळ शोधायला बाहेर पडले.

बावधनच्या पुढची सगळी मुळशी त्यांनी पालथी घातली, काही एसटीने, बरीचशी पायी. डायरेक्टरसाहेबांना ताम्हिणीचे कडे हवे होते. नानांनी तिथल्या एका म्हातारीला विचारलं, "आजी, इकडे पाऊस कधी लागतो?" ती म्हणाली, "लागतो कवा ते कशाला इचारता? थांबतो कवा ते इचारा." नाना तसेच मागे फिरले आणि कोळवणच्या खोऱ्यात एक माळ पक्का करून आले. आमच्या सुतारांनी तिथे बांबू, तरट आणि प्लॅस्टरचा राजवाडा उभा केला. पुढून तो राजवाडा दिसे, मागून गुरांचा गोठा. गावातल्या शेळ्यांनी पहिल्याच दिवशी मागची बाजू ताब्यात घेतली.

राहिली प्रजा. तीनशे माणूस पाहिजे होतं. पुण्याहून ट्रक भरून एक्स्ट्रा आणायचे असं शेठजींनी ठरवलं होतं, पण नानांना ते पटेना. "भांग पाडलेले शेतकरी दिसतील," ते म्हणाले. म्हणून ते गावातल्या धोंडिबाआबांकडे गेले. आबांचा शब्द खोऱ्यात चाले. मीही बरोबर होते, कारण लोकांच्या अंगावर काय असतं ते मला बघायचं होतं. आबा ओट्यावर बसले होते, नाना अर्थातच अंगणात उभे.

"रोज किती देऊ, सांगा," नाना म्हणाले.

"रोज नगं," आबा म्हणाले. "आमची तरणी पोरं सगळी म्हमईला. आवणीच्या टायमाला हात कमी पडत्यात. आत्ता राब भाजून झाल्यात, मानसं रिकामी हायेत. आमी तुमच्या कामाला येतो. आखाडात तुमी आमच्या आवणीला या. समदी. इर्जिक म्हना."

राब भाजणं म्हणजे रोपांसाठी जमीन भाजून ठेवणं, आवणी म्हणजे भाताची लावणी. इर्जिक म्हणजे काय ते खेड्यातल्या वाचकांना सांगायला नको. आज माझ्या शेतात सगळ्यांनी राबायचं, मी सगळ्यांना जेवू घालायचं, उद्या तुझ्या शेतात मी. पण सिनेमा कंपनीशी इर्जिक घातलेली कुणी ऐकली होती? मला हसू आलं. आबांनी ते पाहिलं.

"हसू नगा, बाई. आमी हे तुमचं क्रांतीचं काम एकदा करून बसलोय. धरनाच्या येळंला. तवाबी लई मानूस व्हतं, गानी व्हती, पुण्यास्नं बोलनारी येत व्हती. मग बोलनारी गाडी धरून घरी ग्येली, अन् माझं जुनं गाव पान्यात ग्येलं. म्हनून म्हनतो, पैका नगं. तुमी परत येता का, तेवढं बोला."

नाना चकरा मारायचे थांबले. मी त्यांना असं थांबलेलं क्वचितच पाहिलं होतं. "येतो," ते म्हणाले. "माझा शब्द."

पुण्यात ही गोष्ट कळली तेव्हा कंपनीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. शेठजी खूष झाले, म्हणाले, "नाना, तुम्ही तीनशे माणसं फुकटात आणलीत!" नायकाने चिखलात भात लावण्याची नक्कल करून दाखवली. त्या हशात फक्त नाना हसले नाहीत. ते शेठजींच्या खुर्चीभोवती फिरत म्हणाले, "फुकट नाही शेठजी. आखाडात आपल्याला जायचंय." शेठजी म्हणाले, "जाऊ, जाऊ."

शूटिंगच्या दिवशी मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. तीनशे माणसं हातात कोयते, काठ्या घेऊन माळावर उभी राहिली आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. खूण झाली, जमाव ओरडत राजवाड्यावर धावला, धुरळा उडाला, डायरेक्टरसाहेब खुर्चीवर उभे राहिले. आणि राजवाड्याच्या दारात पोचल्याबरोबर सगळी क्रांती थांबली. पुढच्या माणसाने वाकून वाहाणा काढल्या. मागच्याने काढल्या. तीनशे माणसांनी गर्दी करून, एकमेकांच्या खांद्याला धरून, दाराबाहेर वाहाणांचा ढीग घातला आणि मग ओरडत आत शिरली.

डायरेक्टरसाहेबांचा काळा चष्मा गळून पडला. "अरे, तुम्ही राजाला पकडायला निघालात, हळदीकुंकवाला नाही!" ते ओरडले. दुसऱ्यांदा घेतलं, तेच झालं. तिसऱ्यांदा निम्म्यांनी लक्षात ठेवलं, पण उंबऱ्याशी पाय अडलाच. तिथे त्या वाहाणांच्या ढिगातून ज्याची त्याला शोधून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, तेव्हा मी कोणत्या मनःस्थितीत होते ते विचारू नका. शेवटी आबा पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "सायेब, वाहाना घालून कुनाच्या घरात कसं जायाचं? राजा वंगाळ आसंल. घरानं काय क्येलंय?"

साहेब पुण्याहून एक्स्ट्रा मागवा म्हणून तणतणत तंबूत गेले. नाना त्यांच्या मागे गेले आणि तंबूला दहा-बारा प्रदक्षिणा घालून बाहेर आले. "सगळ्यांनी पहिल्यापासून अनवाणी धावायचं," त्यांनी जाहीर केलं. "आणि सकाळी, उन्हं चढायच्या आत. दुपारी नाही, पाय भाजतील." मी म्हटलं, "नाना, आधीच्या सगळ्या शॉटमध्ये पायांत वाहाणा आहेत." ते म्हणाले, "कपडेबाई, माणूस चिडून घराबाहेर पडला तर वाहाणा विसरतो की नाही? विसरले म्हणा." दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रसंग एका दमात झाला. पुढे चित्रपट लागला तेव्हा एका परीक्षणात लिहून आलं की अनवाणी पावलांच्या प्रतीकातून दिग्दर्शकाने शोषितांची वेदना मांडली आहे. डायरेक्टरसाहेबांनी ते कात्रण चौकटीत लावलं होतं.

कंपनी पुण्याला परतली आणि स्टुडिओतलं काम सुरू झालं. जून गेला. पाऊस लागला, आणि नानांचं चालणं वाढलं. दर थोड्या वेळाने ते फाटकापर्यंत जायचे, पश्चिमेकडे बघायचे, परत यायचे. कोळवणच्या एसटीच्या कंडक्टरला गाठून विचारायचे, रोपं केवढी झाली? रोपं वेळेत लावली नाहीत तर पोसवत नाहीत, हे एव्हाना आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. शेवटी ते शेठजींकडे गेले. मी राजाचा अंगरखा दाखवायला तिथेच उभी होते.

"शेठजी, आवणी सुरू झाली. चार दिवस काम बंद ठेवायला पाहिजे."

शेठजी आधी हसले. मग नानांचा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं. "वेडे का तुम्ही? सेट उभा आहे, नायकाच्या तारखा आहेत. त्या लोकांना पैसे पाठवा आणि मोकळे व्हा."

"त्यांनी पैसे मागितले नव्हते."

"मग आता देतोय ना! कोण नाही म्हणेल?"

"ते नाही म्हणणार नाहीत, शेठजी. ते गप्प घेतील. पुण्याचे लोक असेच, हे त्यांना आधीपासून ठाऊकच आहे," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. कंपनीने नाही. एक दिवस जरी काम बंद पडलं तरी तुम्ही घरी बसायचं."

नाना खोलीबाहेर आले. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असे फिरायला लागले की मलाच घेरी येईल असं वाटलं. घरी त्यांची बायको आजारी असे, दोन मुली लग्नाच्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाना, तुम्ही एकटे जाऊन या. आबांना समजावून सांगा. समजूतदार माणूस आहे." ते थांबले नाहीत. "समजूतदार माणसांनाच सगळे समजावून सांगतात, कपडेबाई," एवढंच म्हणाले.

उद्याचं शूटिंग कुठे, किती वाजता, कोणी यायचं, हे फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावर लिहिण्याचा हक्क नानांचा होता. त्या संध्याकाळी त्यावर लिहिलं होतं: "उद्या काम कोळवणला. शूटिंग नाही, आवणी आहे. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी सहाला. अनवाणी." फळ्यापुढे गर्दी झाली. लोक वाचून हसले, पुन्हा वाचायला वळले, मग घरी गेले. नायक म्हणाला, त्याची कंबर धरली आहे. डायरेक्टरसाहेबांनी फळा वाचलाच नाही असं दाखवलं.

सकाळी सहाला भर पावसात ट्रकजवळ चाळीसेक माणसं होती. लाईटवाले, सुतार, रंगारी, नाचाच्या दोन पोरी, मी, आणि ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती तो आमचा जुलमी राजा. हा नट पडद्यावर डोळे वटारून बायाबापड्यांना चाबकाने मारायचा, पण मूळचा कोकणातला शेतकरी. ट्रकमध्ये चढून तो म्हणाला, "फार वर्षांत चिखलात उतरलो नाही. चला."

आबा बांधावर उभे होते. डोक्यावर पानांचं इरलं, हातात काठी. ट्रक दिसला तरी ते हलले नाहीत. आम्ही उतरलो, तेव्हा त्यांनी एकेकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आलासा." मागे वळून खाचरातल्या बायकांना हाक दिली, "अगं ए, आली! खरंच आली मानसं!" तो आवाज मला आजही ऐकू येतो. बायकांनी वर पाहिलं, आणि का कोण जाणे, मला रडू आलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

आमच्या कामाबद्दल न बोललेलं बरं. सुतारांनी रोपं खिळे ठोकल्यासारखी लावली. नाचाच्या पोरी घसरून पडल्या त्या पडल्याच, मग चिखलातच बसून रोपांच्या मुठी पुढे सरकवू लागल्या. आबांची सून हौसा माझ्या मागून येऊन मी लावलेली ओळ उपटून पुन्हा लावायची आणि म्हणायची, "र्‍हाऊ द्या बाई, शिकचाल." राजा मात्र सरसर मागे सरकत होता आणि बायका त्याला बजावत होत्या, "राजं, दाट लावू नगा! राजं, हिकडं बी बगा!" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आमच्या चित्रपटाचा बदललेला शेवट काही अगदीच वाईट नाही. नाना सगळ्या खाचरांतून फिरत रोपं पोचवत होते, लावणीची पात धरत होते, सोडत होते, दुसरी धरत होते. वाकलेला माणूस उभाही नसतो आणि बसलेलाही नसतो, त्यामुळे त्यांना ते काम फार मानवलं.

चौथ्या दिवशी शेवटचं खाचर झालं आणि आबांच्या पडवीत पंगत मांडली. तांदळाच्या भाकरी, मटणाचा रस्सा, भात. नाना सवयीने ताट हातात घेऊन दाराशी उभे राहिले. आबा म्हणाले, "मॅनेजर, बसा. इर्जिकीचं जेवान उभ्यानं खात न्हाईत. तुमी बसल्याबिगर वाढनार न्हाई." सगळे थांबले. नानांनी आमच्याकडे केविलवाणं पाहिलं आणि मांडी घालून खाली बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी समोरून चिडवलं, "काय नाना, सुचतायत का कारणं?" ते भाकरी मोडत म्हणाले, "पुष्कळ. पण आता उशीर झाला, काम झालंय." आणि असे मोकळे हसले की आबाही हसायला लागले.

जेवणानंतर ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्यापाशी आला. शेठजींचा निरोप त्याच्याकडे सकाळीच पोचला होता, जेवण होईपर्यंत त्याने तो पोटात ठेवला होता. नानांनी यापुढे कंपनीत येऊ नये. नानांनी तो उभ्याने ऐकला. आबांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं त्यांनी आम्हाला डोळ्यांनी बजावलं. आबा निरोप द्यायला आले आणि म्हणाले, "मॅनेजर, फिटलं बरं का."

"कसं फिटलं?" नाना म्हणाले. "तुमची तीनशे माणसं आली होती. आमची चाळीस. बाकी राहिली आबा. पुढच्या वर्षी येतो."

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. पण पुढच्या आखाडात नाना एसटीने कोळवणला गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. दुसऱ्या कंपन्यांत त्यांना कामं मिळाली, पण टिकली नाहीत. आखाडात चार दिवस गायब होणारा मॅनेजर कोण ठेवणार? मुलींची लग्नं उशिरा झाली. बायको गेली. मी त्यांना बोलले, फार बोलले, म्हटलं आता तर आबाही राहिले नाहीत, कुणाचं देणं फेडताय? ते खोलीत चकरा मारत ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "येताय का या वर्षी?" मग मी जायची. असं आठ-नऊ वर्षं चाललं. हौसाने माझी ओळ उपटून लावायचं हळूहळू बंद केलं.

साठच्या दशकात एका मार्चमध्ये नाना गेले. फार आजारी नव्हते. सकाळी फिरायला बाहेर पडले आणि रस्त्यातच गेले. त्यांच्या धाकट्या मुलीने मला सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "उभ्यानेच?" आणि ती रडता रडता हसली. स्मशानात सिनेमातलं फारसं कुणी नव्हतं. राजा आला होता.

त्या आखाडात मी जायचं नाही असं ठरवलं होतं. शब्द नानांचा होता, माझा नव्हता, आणि माझेही गुडघे आता कुरकुरत होते. तरी कोळवणला सांगायला तर हवं, म्हणून एसटीत बसले. हौसाने ऐकलं, पदर तोंडाला लावला. मग खाचराकडे बोट करून म्हणाली, "त्ये शेवटचं त्यांच्यासाठी ठिवलं व्हतं. दर साली ठिवतो. आता कोन यायचं?"

पाऊस भुरभुरत होता, मी दमले होते, म्हणून बांधावर टेकले. टेकल्याबरोबर मनात येऊ लागलं की गुडघे दुखतात, परतीची गाडी चुकेल, ही बाकी काही खरी बाकी नव्हेच, आबा गेले, नाना गेले, तो चित्रपटही आता कुणाला आठवत नाही. एकामागून एक सुचतच चाललं होतं.

मी उठले. वाहाणा बांधावर काढल्या, पदर खोचला आणि हौसाला म्हटलं, "मूठ दे इकडे."